मोहरीएवढा मंगळ

लग्नसराई आली की आमच्या गावचा रस्ता बंद होतो. एरवी तो चाकणच्या ट्रेलरमुळे बंद असतो, या दिवसांत मांडवामुळे. तुळशीचं लग्न लागलं, की ज्याच्या दारात लग्नाची पोरगी त्याच्या दारासमोर रस्त्यात बांबू उभे राहतात. ट्रेलरवाला हॉर्न मारतो, बँडवाला त्याच्यावर आवाज चढवतो आणि मधे अडकलेली कंपनीची बस सेकंड शिफ्टची माणसं घेऊन गुमान उभी राहते. त्यातले दोघे-चौघे उतरून मांडवात जेवूनही येतात. कोणी विचारत नाही, तू कोणाकडचा. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा.

याच दिवसांत शेतातला कांदा निघतो. वावर मोकळं होतं. सकाळी थंडीत ओट्यावर बसलं की एका बाजूनं कापलेल्या पातीचा उग्र वास येतो आणि दुसऱ्या बाजूनं कंपनीतल्या रंगाच्या भट्टीचा. हे दोन वास एकत्र आले की लोकांना काय आठवत असेल ते असो, मला ग्रह आठवतात. पत्रिकेतले नाहीत, आमच्या वावरातले. गेल्याच्या गेल्या वर्षी मार्गशीर्षात ते आमच्या ओट्यापासून हायवेपर्यंत एका ओळीत मांडले होते.

मांडले माझ्या नातीनं. प्रणाली तिचं नाव, माझ्या ज्ञानोबाची थोरली. डिप्लोमा करून चाकणला कंपनीत लागली. तयार झालेला माल मापात आहे की नाही हे बघायचं तिचं काम. बरीचशी जमीन कंपन्यांना गेली तेव्हा ज्ञानोबानं घरामागं खोल्या बांधल्या. त्यात कामगार भाड्यानं राहतात. कोणी लातूरकडचे, कोणी परभणीचे, कोणी पार बिहारचे. माणसं शिफ्टला गेली की त्यांची पोरं माझ्या ओट्यावर. मी त्यांचे लाड करत नाही. पाणी देते, भांडणं सोडवते आणि कोणी कांद्यावर उडी मारली तर पाठीत एक देते. आयांची तक्रार नाही.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बाकी जगाचा रविवार असतो तो आमच्याकडं गुरुवारी येतो. त्या दिवशी प्रणाली घरी असायची आणि शाळा सुटली की संध्याकाळी पोरांना घेऊन बसायची. गणित, इंग्रजी, काय लागेल ते. त्या थंडीत शाळेत त्यांना सूर्यमाला आली.

"ग्रह कोणकोणते? क्रमानं सांगा," तिनं विचारलं.

सानिया सगळ्यांत चुणचुणीत. रस्त्यावर गॅरेज आहे त्या सलीमची मुलगी. ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि!"

मी तांदूळ निवडत होते. मी मान डोलावली. बरोबरच होतं की. चौथीपर्यंत शिकले मी, पण वार मला येतात.

"आजी, तू तरी मान हलवू नकोस," प्रणाली म्हणाली. "हे वार झाले. ग्रह आठवड्याच्या रांगेत उभे नसतात."

परभणीकडचा ओम म्हणाला, "ताई, आमच्या पप्पांचा आठवडा शुक्रवारपासून सुरू होतो. मग आमचा पहिला ग्रह शुक्र का?"

"नाही. पहिला बुध. मग शुक्र, मग पृथ्वी, मग मंगळ, गुरू, शनि. त्यापुढं युरेनस आणि नेपच्यून."

पोरं ओठ हलवायला लागली. मला वाटलं, पाठ करत असतील. पण सानिया बोटांवर काही मोजत होती. म्हणाली, "ताई, पृथ्वीचा वार कुठला?"

मी म्हटलं, "आपुन दुसऱ्यांची घरं मोजतो तवा आपलं घर धरतो का? तसंच हाय ते." पोरांना पटलं. प्रणालीलाही पटलं असावं, कारण तिनं ते वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

माझी आणि ग्रहांची ओळख जुनी आहे. घराची वास्तुशांत केली तेव्हा गुरुजींनी पाटावर लाल फडकं अंथरून नऊ धान्यांच्या नऊ ढिगल्या मांडल्या. मधे सूर्याचे गहू, भोवती बाकीचे. तूर मंगळाची, मूग बुधाचे, हरभरे गुरूचे, तीळ शनीचे. सगळ्या ढिगल्या सारख्या, सगळ्या हाताशी. त्यामुळे ग्रह म्हणजे पाटावर मावणारी गोष्ट, अशीच माझी समजूत. आमच्या मालकांची मात्र शनीशी फार जवळीक. पंप बिघडला की शनि, बैल बसला की शनि. साडेसाती संपली तरी त्यांची संपत नव्हती. एकदा मी म्हटलं, "त्या शनीलाच विचारा, रातच्याला पाण्याची दारं धरायला येतो का. तुमी तर काय उठत न्हाई." त्यानंतर आठवडाभर शनीचं नाव निघालं नाही. पाणी वेळेवर भरलं गेलं.

मी ग्रहांना घाबरले नाही याचं कारण धाडस नाही. मला वेळ नव्हता.

पण त्या थंडीत ग्रह आमच्या घरात शिरलाच. प्रणालीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मोशीचा, सौरभ. हिंजवडीला आयटीत. मुलगा चांगला. अजूनही चांगलाच असेल. दोघं वर्षभर एकमेकांना ओळखत होती, मग घरच्यांनी बघण्याचा कार्यक्रम केला, म्हणजे आम्हीच ठरवलं असं सगळ्यांना सांगता आलं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती आणि मुलाकडच्यांनी पत्रिका दाखवून आणली. प्रणालीला मंगळ निघाला. सौरभला नाही.

मंगळ असलेल्या मुलीनं बिनमंगळाच्या मुलाशी लग्न केलं तर मुलाच्या जिवाला धोका, असं मानणारे मानतात. त्यावर उपायही आहे. मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावायचं. अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं. मंगळाचा जो काही कोप असेल तो मडक्यावर. मग मडकं पाण्यात सोडायचं आणि मुलगी खऱ्या नवऱ्याला मोकळी. सौरभच्या आईनं निरोप पाठवला, एवढं करून घ्या, बाकी आमचं काही म्हणणं नाही. आळंदीला नको, तिथं ओळखीचं कोणी भेटेल. लांबच्या देवळात करू. घरातलीच चार माणसं.

ज्ञानोबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सूनबाईला रडू आलं, पण तिला रडू लवकर येतं. मी म्हटलं, "लावून टाका. मडकं काय सासुरवास करत न्हाई."

प्रणाली म्हणाली, "आजी, तुला विनोद सुचतोय."

"मग काय रडू?"

"मी करणार नाही."

ती 'नाही' म्हणाली ते ओरडून नव्हे. कंपनीत एखाद्याला सांगत असेल तसं, की हा माल जाणार नाही. ज्ञानोबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू समजाव तिला. तुझा शब्द ती मोडायची न्हाई. चांगलं स्थळ हाय. एका मडक्यापायी घालवू नको." गुरुवारी सौरभ आणि त्याची आई येणार होते, देवळातला दिवस नक्की करायला. तोवर मी तिला तयार करायचं होतं.

मी तिला काही बोलले नाही. बोलायला फुरसत नव्हती, कारण ती माझ्या धान्याच्या डब्यांत हात घालून बसली होती. पोरांना ग्रहांचा क्रम पाठ झाला होता, पण ग्रह केवढे आणि किती लांब हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात सगळे एकमेकांना खेटून उभे, बसथांब्यावर उभे असावेत तसे. म्हणून ती म्हणाली, आपण वावरात मांडू.

सूर्याला लाल भोपळा. तिच्याकडं वर्निअर नावाची मापाची पकड होती, तिची स्वतःची, शिकत असतानाची. त्या पकडीत ती एकेक दाणा धरून मोजत होती. बुधाला राजगिऱ्याचा दाणा. शुक्राला बाजरी, पृथ्वीला बाजरी. मंगळाला मोहरी. गुरूला आवळा, शनीला अख्खी सुपारी. युरेनस आणि नेपच्यूनला काबुली चणे.

"आजी, ही बाजरी जाड आहे. दुसरी दे."

"पृथ्वीच हाय ना? जरा जाड असली तर काय झालं?"

"मग सूर्य लहान पडेल."

"मग भोपळा बदल."

"भोपळा बदलला की सगळीच अंतरं बदलतात." तिनं दाणा बाजूला टाकला. "एकाच मापानं सगळ्यांना मोजायचं. नाहीतर मोजूच नये."

ज्ञानोबा दारात उभा राहून हे ऐकत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सुपातली बाजरी पाखडायला लागले.

गुरुवार आला. घरात सूनबाईनं मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडला होता, आणि बाहेर ओट्यावर भोपळा मांडला होता. शाळा सुटल्या सुटल्या पोरं आली. प्रणालीनं एकेकाला दाणा देऊन जागेवर नेऊन उभं केलं. बुध आणि शुक्र अंगणातच संपले. पृथ्वी गुरांच्या जुन्या हौदापाशी, मंगळ पहिल्या बांधावर. पोरांना वाटलं, झालं, आता पुढचे असेच जवळ जवळ. पण गुरू पार विहिरीच्या पलीकडं गेला. ओम सुपारी घेऊन चालत राहिला, चालत राहिला, आणि गावच्या कमानीपाशी पोचला तेव्हा प्रणालीनं विहिरीपासून ओरडून त्याला सांगितलं, थांब. त्या सुपारीला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कडी घातलेली होती. घरात तेव्हा पत्रिकांना तोटा नव्हता, सगळ्या दुसऱ्यांच्या.

युरेनस आला सलीमच्या गॅरेजपाशी. तिथं पोरगं एकटं नको, म्हणून चणा सलीमच्याच हातात दिला. आणि नेपच्यून हायवेवर. "हायवेला एक पोर जाणार न्हाई," मी बजावलं होतं. त्यामुळं नेपच्यूनची जागा रिकामी होती.

हौदापाशी उभ्या असलेल्या पृथ्वीला सगळी पोरं आळीपाळीनं बघून येत होती. पृथ्वीच्या बाजरीपासून चार बोटांवर प्रणालीनं खसखशीचा दाणा चिकटवला होता. "हा चंद्र. माणूस आजवर जास्तीत जास्त इथपर्यंत गेलाय." पोरांनी चार बोटं बघितली, मग कमानीकडं बघितलं, मग हायवेकडं. मग ती म्हणाली, "आता इथूनच भोपळ्याकडं बघा. किती मोठा दिसतो? आणि तिकडं मावळतीचा सूर्य बघा." सूर्य कंपन्यांच्या धुरात लाल, मऊ झालेला होता. मीही उठून हौदापर्यंत गेले. खरंच, ओट्यावरचा भोपळा आणि आकाशातला सूर्य एकाच मापाचे दिसत होते. हात लांब करून करंगळीचं टोक धरलं की दोन्ही झाकले जात होते. देवाशपथ सांगते, एवढ्या वर्षांत मला कोणी असं काही दाखवलं नव्हतं. गुडघे दुखत होते तरी मी दोनदा बघितलं.

पाहुणे तेवढ्यात आले. रस्त्यात मांडव, म्हणून गाडी कमानीबाहेर लावून चालत आले. कमानीपाशी ओमनं त्यांना अडवून सांगितलं, "मी शनि." सौरभच्या आईनं त्याला हात जोडले. हे मला नंतर कळलं. पुढचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं.

बांधावर सानिया उभी होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं मूठ घट्ट आवळली होती. सौरभच्या आईनं सहज विचारलं, "काय गं, काय लपवलंयस हातात?"

"मंगळ," सानिया म्हणाली.

बाईंनी पदर ओढला आणि त्या एक पाऊल मागं सरल्या. निऱ्या गोळा केल्या, वाटेत चिखल असावा तशा. वाट कोरडी होती.

सानियाला वाटलं, काकूंना नीट दिसलं नाही. तिनं मूठ उघडून पुढं केली. "बघा ना काकू. चावत नाय तो."

गुरूच्या जागेवरचं पोरगं खदाखदा हसलं. विहिरीपासून ऐकू आलं. बाईही हसल्या. "अगं बाई, केवढासा!" असं म्हणाल्या आणि बांधाच्या कडेकडेनं पुढं आल्या. प्रणाली हौदापाशी उभी होती. तिनं सगळं बघितलं. सौरभनंही बघितलं. त्यानं चटकन विषय बदलला. "मला पण एक ग्रह दे की."

"नेपच्यून आहे. हायवेपर्यंत जावं लागेल."

"जातो ना!" त्यानं चणा घेतला, तिला सलाम ठोकला आणि आल्या वाटेनं परत निघाला. हौशी मुलगा.

तो गेला आणि आम्ही ओट्यावर बसलो. भोपळ्याच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी, पायरीवर ज्ञानोबा. बाईंना गुरुवारचा उपास होता, सूनबाईनं चहा दिला. मी त्या बाईंना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीला मंगळ होता. त्यांच्या वडलांनी तो लपवून लग्न लावलं आणि जावई पहिल्याच वर्षी मोटारसायकलवरून पडून गेला. बहीण माहेरी परत आली ती कायमची. हे सांगताना बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझा एकुलता एक आहे हो आजी," त्या म्हणाल्या. "मला काही हुंडा नको, मानपान नको. मडक्याशी लग्न लावायला कितीसा वेळ लागतो? तेवढं झालं की मला झोप लागंल."

भीती खरी होती. खोटी भीती असती तर मी तिथंच उडवून लावली असती.

ज्ञानोबा म्हणाला, "आमचं काय न्हाई म्हणणं. प्रणाली, बस इथं."

प्रणाली बसली नाही. "मी सौरभला विचारते," म्हणाली. आडोशाला गेली नाही. तिथंच, सगळ्यांसमोर फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो, नेपच्यूनवरून बोलतोय!" मागं ट्रेलरचे हॉर्न. "इथून तुझा भोपळा अजिबात दिसत नाही."

"सौरभ, तुला मंगळाची भीती वाटते?"

"मला? छे! मी कुठं मानतो."

"मग ते मडक्याचं?"

मागं पुन्हा हॉर्न. मग म्हणाला, "अगं, ते आईसाठी. पाच मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार पण नाही. ॲडजस्ट कर ना, यार."

"तू मानत नाहीस, आणि करायचं मी?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. ऐक. आमच्याकडं पीस मापात बसला नाही की त्याला लाल टॅग लागतो. तो रिवर्कला जातो, घासूनपुसून परत येतो, मग चालतो. पण मापात असलेल्या पीसला कोणी लाल टॅग लावत नाही. मी मापात आहे. मी रिवर्कला जाणार नाही."

"आपण नंतर बोलू. इथं आवाज फार आहे."

"तिथं आवाज नेहमीच असतो, सौरभ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाई माझ्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही तरी सांगा तिला."

ज्ञानोबाही माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत होतं, आता आई बोलेल. आई बोलली. "मी काय सांगू? मी तिच्या बाजूनं हाय."

"आई!"

"वरडू नको. पाहुण्यांचा उपास हाय, चहा गार व्हतोय."

लोक नंतर मला म्हणाले, म्हातारे, तू स्थळ घालवलंस. घालवलं. पण मडक्यामुळं नाही. मडक्याला माझा आजही विरोध नाही. ज्याला पटतं त्यानं घागरीशी लग्न लावावं, रांजणाशी लावावं. ती बाई मानत होती आणि घाबरत होती. तिचा मला राग आला नाही. तो मुलगा मानत नव्हता, घाबरत नव्हता, आणि तरी माझ्या नातीनं मान खाली घालावी म्हणत होता, कारण त्याला आईशी भांडायचा कंटाळा होता. आज मडकं, उद्या आणखी काही. तो दर वेळी पाच मिनिटं मागणार. अशा पाच पाच मिनिटांनीच बायकांचे जन्म संपतात. मी संपलेले बघितलेत.

बाईंनी चहा संपवला. सूनबाईनं त्यांना हळदीकुंकू लावलं, हातावर केळी ठेवली. मोडलेल्या बोलण्यातही रीत सोडू नये. त्या निघाल्या आणि बांधावर आल्या. सानिया अजून मूठ धरून उभीच होती. या खेपेला बाई कडेनं गेल्या नाहीत. थांबल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मग गेल्या.

पोरं सगळी जागेवरच होती. त्यांना कोणी परत बोलावलंच नव्हतं. थोड्या वेळानं सलीमचा फोन आला. "आजी, जावई आईला घेऊन गाडीनं गेले. मी अजून थांबू का? एक क्लचप्लेट अर्धी राहिलीय."

प्रणालीनं माझ्या हातातून फोन घेतला. "थांबा सलीमचाचा, अजून थोडा वेळ." तिनं पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीला नाक पुसलं, डब्यातून दुसरा चणा काढला आणि चपला घातल्या.

ज्ञानोबा म्हणाला, "आता कुठं चाललीस?"

"धडा अर्धा राहिलाय, पप्पा."

ती गेली. बांधावरून, विहिरीवरून, कमानीखालून. मग दिसेनाशी झाली. सूर्य धुरात बुडत होता. ज्ञानोबा पायरीवर डोकं धरून बसला होता, आणि मला त्याला काही सांगायचं नव्हतं. मग लांबून एक हाक आली, शब्द न कळणारी. ती गॅरेजवरून कमानीपाशी आली, तिथून ओमच्या चिरक्या आवाजात विहिरीपाशी, विहिरीपासून बांधावर. आणि सानियानं दोन्ही हात तोंडापाशी धरून ओट्याकडं ओरडून सांगितलं, "पोचली! ताई नेपच्यूनला पोचली!"

अंगणातली बुध-शुक्राची बारकी पोरं उड्या मारायला लागली. मी कोणालाही उडी मारल्याबद्दल फटका दिला नाही.

ज्ञानोबा माझ्याशी होळीपर्यंत धड बोलला नाही. कामापुरतं बोलायचा. प्रणाली कामावर जायची, यायची. एकदोन गुरुवार तिचे डोळे सुजलेले होते, पण पोरांना तिनं सुट्टी दिली नाही. ती झुरली का? झुरली. वर्षभराचं माणूस होतं. मी तिला 'विसर' म्हटलं नाही. विसरायला सांगितलं की आठवतं. मी तिला कांद्याची टरफलं काढायला बसवायची, म्हणजे रडायला कारण लागत नाही.

सौरभचं लग्न गेल्या वर्षी झालं. पत्रिका आली होती, मी गेले. नवरी गोड आहे. जेवण चांगलं होतं, मठ्ठा पातळ होता. त्याच्या आईनं मला वाकून नमस्कार केला आणि प्रणालीचं विचारलं. म्हटलं, बरी हाय. सुखी राहा, असा आशीर्वाद दिला, आणि तो मनापासून दिला.

या वर्षी पुन्हा सराई आली आणि पुन्हा विचारणारे आले. पाण्याच्या टाकीपाशी, दळणाच्या गिरणीत, मांडवात पंगतीला. "नातीचं काय मग, आजी? वय चाललंय." मी म्हणते, "वय सगळ्यांचंच चाललंय. तुझं थांबलंय का?" बाया तोंडाला पदर लावून हसतात आणि पुढच्या वाढपाकडं बघतात. काहींनी कानात सांगितलं, मंगळ सांगू नका, पत्रिका दुसरी करून मिळते. मी ते ज्ञानोबाच्या कानावर घातलं नाही. तो काय म्हणेल याची खात्री नव्हती.

परवा त्याचा फोन वाजला. तळेगावकडचं स्थळ होतं, मुलाची आई बोलत होती. मी आत भाकरी थापत होते, तो ओट्यावर. तो 'हो, हो' म्हणत होता, गाव, कूळ, पाहुणे सांगत होता. मग तिकडून पत्रिकेचं विचारलं असावं, कारण तो थांबला. माझा हात परातीत थांबला.

"मंगळ हाय," ज्ञानोबा म्हणाला. "खरा हाय. त्याचं शांत-बिंत काय करणार न्हाई, मडकं न्हाई, काय न्हाई. आधीच सांगतो. पटलं तर या."

मला वाटलं, तिकडून ठेवला फोन. तव्यावरची भाकरी मी उलटली. मग ज्ञानोबा हळूच म्हणाला, "काय? मुलगी काय करते?"

आणि मग तो सांगायला लागला. कुठल्या खात्यात आहे, कसलं माप घेते, केसाएवढा फरक कसा पकडते, साहेब तिला विचारल्याशिवाय गाडी कशी सोडत नाहीत, गुरुवारी पोरं कशी येतात, काय शिकवते. उभा राहून, हातवारे करून, अंगणभर फिरत सांगत होता. यातलं निम्मं त्याला कधी कळलं, कोणाकडून कळलं, मला माहीत नाही. मी गॅस बारीक केला आणि दारात येऊन ऐकत उभी राहिले.